चौकशीबाईंचा कोरा तक्ता

सव्वीस वर्षं बसडेपोच्या चौकशी खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगितल्यामुळे सगळी वस्ती त्यांना चौकशीबाई म्हणे. निवृत्तीनंतर माणसं बागेत फिरतात, गुडघ्यांविषयी बोलतात. चौकशीबाईंनी डूला व्हायचं ठरवलं. डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या उशाशी बसून तिला धीर देणारी. तपासायचं नाही, औषध द्यायचं नाही, नुसतं सोबत असायचं. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात छताच्या पंख्याखेरीज सोबतीला कोणी नव्हतं, आणि ते दुःख तीस वर्षांनंतरही ताजं होतं. दुसरीवर ती वेळ येऊ नये, एवढंच त्यांना वाटे.

पण नुसतं सोबत असायला प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राला अकरा पुस्तकं. गप्प कसं बसावं यावरच चारशे पानं होती, आणि ती वाचून गप्प बसायची सोय नव्हती. दोन हजार शब्दांचा निबंध लिहायचा होता. चौकशीबाईंनी कंबर कसली. महत्त्वाचं पिवळ्यानं, फार महत्त्वाचं हिरव्यानं आणि परीक्षेत येणारच ते गुलाबीनं रंगवायला घेतलं. महिन्याभरात न रंगवलेले फक्त पानांचे आकडे उरले.

वाचलेलं मुरायला सराव हवा, आणि सरावाला घरात यजमान होते.

“अगं, चहा मिळेल का?”

“तुम्हाला चहा हवासा वाटतोय, हे मला ऐकू येतंय.”

“मग टाक की!”

“तुमच्या आवाजात चीड आहे. तिला आपण जागा देऊ या.”

यजमान मुकाट्यानं उठले आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी चहा करायला शिकले. अभ्यासक्रमाचा एवढा एक फायदा मान्य करायलाच हवा.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष बाळंतपणाची होती. दर पाव तासाला तक्त्यात एक ओळ भरायची: वेळ, वापरलेलं तंत्र, परिणाम, पुरावा. महिनाअखेरपर्यंत वीस ओळी भरल्या नाहीत, तर पहिल्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीचे दिवस भरत आले होते. नवरा जहाजावर, आई हयात नाही. “काकू, तुम्ही याल ना?” असं तिनं आपणहून विचारलं, तेव्हा चौकशीबाईंना आकाश ठेंगणं झालं.

सकाळी आठला दोघी दवाखान्यात पोचल्या. चौकशीबाईंच्या पिशवीत तक्ता आणि तीन पेनं होती.

“तुला आत्ता कसं वाटतंय?”

“कोणाला तरी चावावंसं वाटतंय, काकू.”

‘भावना मोकळेपणानं व्यक्त,’ चौकशीबाईंनी लिहिलं.

“कमरेला ऊब देऊ, की डोळे मिटून एखादी शांत जागा आठवतेस?”

“पाणी द्या हो!”

पाणी तंत्रांच्या यादीत कुठे येतं, हे त्या शोधू लागल्या. तोवर नर्सबाईंनी पाणी पाजलंसुद्धा.

सव्वानऊला पाचवी ओळ झाली आणि मोठी कळ आली. शिवणवालीनं हाताला लागेल ते धरलं. हाताला लागला तो चौकशीबाईंचा लिहिता हात. पेन घरंगळत खाटेखाली गेलं. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. भिंतीवरच्या घड्याळात एकेक ओळ बुडताना दिसत होती. दहा वाजता चौकशीबाईंनी हळूच हात सोडवून बघितला. पोरीनं डोळे उघडले.

“काकू, मला फार भीती वाटतेय. आत्ता आई हवी होती.”

अकराच्या अकरा पुस्तकं डोक्यातून साफ उतरली. “मी आहे गं. कुठ्ठे जात नाही,” चौकशीबाई म्हणाल्या. हे वाक्य एकाही पुस्तकात नव्हतं. अडीचला मुलगी झाली, तेव्हा बाळाच्या बरोबरीनं त्याही रडल्या.

संध्याकाळी अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिकेला फोन केला. “आठवून भरा ना,” ती म्हणाली, “सगळ्याच भरतात.” पण ज्या बाईनं सव्वीस वर्षांत गाडीची खोटी वेळ सांगितली नाही, ‘माहीत नाही’ म्हणून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तिच्या हातून ते होईना. उरलेल्या पंधरा ओळींवर त्यांनी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, आडवं लिहिलं: ‘हात धरला होता.’

दोन दिवसांनी निकाल आला. अनुत्तीर्ण. ‘सव्वानऊनंतर आपण बाळंतिणीसोबत होता याचा पुरावा नाही. अकराही पुस्तकं पुन्हा वाचावीत.’

चौकशीबाईंना आधी रडू आलं, मग संताप. उजवा हात अजून सुजलेला होता आणि मनगटावर नखांचे चार व्रण लाल दिसत होते. त्यांनी यजमानांकडून त्याचा फोटो काढून घेतला, ‘पुरावा’ या रकान्यात जोडला आणि पाठवला.

तासाभरात उत्तर आलं: ‘फोटोत कोणतं तंत्र आहे, हे स्पष्ट होत नाही.’