सावळाराम मास्तर आणि चिंधूचा अर्ज

कामतघरच्या चाळीत सावळारामला सगळे मास्तर म्हणत. शिक्षण सातवी, धंदा लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. पण रद्दीतल्या एका पुस्तकातून गड्यानं बोलचालीचं इंग्रजी उचललं होतं, आणि त्यातही जनावरांचे शब्द त्याचे खास लाडके. चहाच्या सुट्टीत तो कारागिरांना शिकवी. मस्ती करणं म्हणजे हॉर्स अराउंड. ऐन वेळी भिऊन मागं सरणं म्हणजे चिकन आउट. "शेठच्या पोराला पण येत न्हाय हे," असं वर ऐकवी.

त्र्याहत्तर साली दिवसपाळीत लूममधून बाण्याचं सूत नेणारा लाकडी धोटा उडाला आणि सावळारामच्याच कारखान्यातल्या चिंधूच्या डाव्या डोळ्यात बसला. धोटा अडवायला लूमला जाळी नव्हतीच. शेठ म्हणाला, हा मस्ती करत होता, जाळी ह्यानंच काढली. कामावरूनही काढलं. खरं काय ते शेजारच्या लूमवरल्या दौलतनं पाहिलं होतं. सावळाराम दोन दिवस त्याच्या मागं लागला, तेव्हा कुठं तो साक्षीदार म्हणून सही करायला तयार झाला.

भरपाईचा अर्ज सावळारामनं लिहायला घेतला, तोही इंग्रजीत. चिंधूची बायको मैना म्हणाली होती, "भावजी, मराठीत लिवा ना."

"मराठी कागद ढिगाच्या तळाला जातो, वयनी."

शेठ मस्ती म्हणतो काय? सावळारामनं ठासून लिहिलं, चिंधू हॉर्स अराउंड करत नव्हता. लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा मोठ्यानं वाचलं.

ठाण्याच्या कचेरीत कारकुनानं अर्ज वाचला आणि शेजाऱ्याला दाखवला. "हे बघा, लूमवर घोडा बांधलाय." दोघं हसले. मग तो जरा नरमाईनं म्हणाला, "अर्थ बरोबर आहे हो. पण हे दोस्तांत बोलायचं, सरकारी कागदात नाही. साहेब हसून बाजूला टाकतील. मराठीत लिहून आणा, हा मागं जोडू. साक्षीची सही आहे ह्यावर."

सावळारामला फक्त हसणं ऐकू आलं. "मला इंग्रजी शिकवतो काय?" म्हणत त्यानं कागद हिसकला आणि तिथंच टराटरा फाडला. चिंधू डोळ्याला पट्टी बांधून शेजारी उभा होता. त्याला वाटलं, अर्जाचं काम असंच करायचं असेल.

परतीच्या एसटीत, कळव्याच्या पुढं, त्यानं विचारलं, "मास्तर, दौलतची सही त्याच कागदावर व्हती ना?"



आठवड्यानं सावळाराम मराठी अर्ज घेऊन दौलतकडं गेला, तोवर शेठनं दौलतला जॉबर, म्हणजे कारागिरांवरचा मुकादम, केलं होतं. "एकदा दिली व्हती, मास्तर," दौलत म्हणाला. "आता मागू नका."

दुसऱ्या दिवशी चहाला कारागिरांतला काळूराम म्हणाला, "दौलत चिकन आउट झाला, काय मास्तर?" शब्द अगदी जिथल्या तिथं बसवला होता. पठ्ठ्या शाबासकीची वाट बघत होता.

"त्यानं सही दिली व्हती," सावळाराम म्हणाला. "मी फाडली."

 पुन्हा त्यानं कुणाला शब्द शिकवला नाही.

साक्षीशिवायचा अर्ज गेला तो गेलाच. एका डोळ्याच्या माणसाला दुसरा कुठला कारखाना लूमवर घेईना. चार महिन्यांनी चिंधू आणि मैना वज्रेश्वरीच्या गाडीनं गावाला निघाले. सावळारामनं बोचकी वर चढवली, मग खाली येऊन चिंधूच्या खिडकीजवळ उभा राहिला. गाडी हलली तसा त्यानं हात वर केला. तो चिंधूच्या डाव्या बाजूला उभा होता. चिंधूला दिसलं नाही.