डोंगरावरचा माझा ग्रुप

दर रविवारी पहाटे मी सायकल काढून डोंगरावर जाते, आणि माझ्याबरोबर माझा ग्रुप असतो. मला धरून आम्ही चौघी. एक बँकेत आहे, एक ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि तिसरी देहूरोडला राहते, तिचा नवरा लष्करात मेजर आहे. तिघी अतिशय गुणी बायका आहेत. त्यांच्यात उणीव एकच, ती म्हणजे त्या नाहीत.

त्यांना जन्माला घालायची मला काही हौस नव्हती. जाड टायरची, चढावर चालणारी सायकल मी घेतली आणि पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला दारात गाठलं. "डोंगरावं एकलीच जातीस व्हय गं?" नवरा फर्स्ट शिफ्टला निघाला होता, बूट घालता घालता तोही म्हणाला, "एकटी अजिबात जायचं नाही हं. कुणी सोबत असेल तरच." मी म्हटलं, "आहे ना. ग्रुप आहे आमचा." आणि निघाले. परत येईपर्यंत ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते ठरवावं लागणार हे मला चढावर सुचलं. दम लागलेला असताना माणसाला फार विचार करता येत नाही, म्हणून तिघींवरच भागवलं.

ऑफिसात, घरात, सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा मला दिवसभर कुणी ना कुणी हाक मारत असतं. डोंगरावर कुणी मारत नाही. मला तेवढंच हवं होतं, आणि ते हातचं जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. त्यासाठी तीन बायका सांभाळाव्या लागल्या तर लागल्या.

सांभाळणं मात्र सोपं नव्हतं. एका रविवारी अंथरुणातून उठवेना, म्हणून बँकवालीचा हात मोडला आणि राइड रद्द झाली. तेव्हापासून सासूबाई न चुकता विचारतात, "त्या ब्यांकवालीचा हात येतो का गं आता वर?" दिवाळीत त्या ग्रुपसाठी चिवड्याचा डबा भरून देतात. तो मी वर खडकावर बसून एकटी खाते, चौघींच्या वाटणीचा, आणि मेजरीणबाईंना तिखट लागला म्हणून सांगते. एखादी तरी खोड काढल्याशिवाय कौतुक खरं वाटत नाही.

हे सगळं सुरळीत चालायचं कारण म्हणजे नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तो चाकणच्या एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे. लाइन बंद पडली की त्याचा फोन वाजतो, आणि लाइन काही वार बघून बंद पडत नाही. गेल्या वर्षी त्याचा पट्टा शेवटच्या भोकावर आला. कुणाशी काही न बोलता त्याने माझ्यासारखीच सायकल आणली, फक्त माझ्यापेक्षा महाग आणि लालभडक. जेवताना म्हणाला, "या रविवारी मला सेकंड शिफ्ट आहे. सकाळी मी पण येतो तुमच्या ग्रुपबरोबर."

मी त्याला आणखी एक पोळी वाढली. थापा मारणाऱ्या बाईला डोकं शांत ठेवता यायला हवं. शनिवारी झोपताना मी सहज सांगितलं, की बँकवाली माहेरी गेली आहे, कॉलेजवालीकडे परीक्षा चालू आहेत आणि मेजरसाहेबांकडे पाहुणे आलेत.

"तिघींना एकाच रविवारी?" तो म्हणाला.

"हो ना, बघ की."

"हं," एवढंच म्हणून त्याने कूस बदलली. कंपनीत ऑडिटला आलेली माणसं असंच 'हं' म्हणतात, असं तोच मला सांगतो.

मी मात्र जागी राहून बेत पक्का केला. गाडीरस्त्याची सोपी वाट सोडायची आणि त्याला मागच्या अंगाच्या मुरमाड वाटेने चढवायचं. एकदा दमला, एकदा आपटला, की लाल सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामाला येईल आणि माझे रविवार मला परत मिळतील. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

सासूबाईंसमोर मी नवऱ्याला अहो म्हणते, सायकलवर बसले की अरे. देहूरोडपर्यंत माझं "अरे गिअर बदल, अरे डावीकडून ये, अरे मागे ट्रक आहे" चालू होतं आणि तो मुकाट ऐकत होता. चढ आला की तो जड गिअर लावायचा आणि उतारावर हलका, म्हणजे चढताना पाय हलत नव्हते आणि उतरताना नुसते गरगर फिरत होते. हवाही त्याने दगडासारखी टम्म भरली होती. मुरमावर अशी चाकं नुसती उडतात. म्हणून डोंगराच्या अलीकडे पंक्चरवाल्या चाचांकडे थांबलो.

इथेच माझं चुकलं. चाचा मला पहिल्यापासून ओळखतात. नवऱ्याचा फोन वाजला म्हणून तो दहा पावलांवर जाऊन बोलत उभा राहिला आणि चाचा त्याच्या चाकातली हवा कमी करता करता मोठ्यांदा म्हणाले, "बरं वाटलं ताई, आज कुणीतरी बरोबर आहे. इतकी वर्षं बघतोय, एकट्याच जाता. मला काळजी वाटते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. फोन कानाला होता, तोंड रस्त्याकडे होतं. त्याने ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ऐकलं असलं तर माझं डोंगरावर जाणं त्याच दिवशी संपलं होतं. तो रागावला नसता. काळजी करत बसला असता, आणि काळजी करणाऱ्या माणसाशी भांडतासुद्धा येत नाही.

मुरमाड वाटेने त्याला चढवायचं ठरलं होतं, ते मी चढवलं. पहिल्या वळणावर त्याची चेन पडली. दुसऱ्या वळणावर तो स्वतः पडला, पण आडवा आणि सावकाश, म्हणून ते मोजायचं नाही. त्यानंतर तो सायकल हातात धरून ढकलत निघाला. मी पुढे जाऊन थांबायचे, तो घामाने निथळत यायचा आणि मला वाटायचं, आता म्हणेल, परत जाऊ. तो म्हणायचा, "कॉलेजवाली पण इथून चढते?"

"चढते की."

"आणि बँकवाली? मोडलेल्या हाताने?"

"हात बरा झाला तिचा."

"हं."

वर माझा नेहमीचा खडक आहे. तिथून खाली हायवे, लष्कराची बैठी घरं, लांब इंद्रायणी आणि तिच्यापलीकडे चाकणच्या बाजूची शेडची पत्र्याची छपरं दिसतात. तो येऊन धापा टाकत माझ्याशेजारी बसला. खडक इतका छोटा, की तो बसल्यावर मला एका बाजूने जवळजवळ उभंच राहावं लागलं. त्याने खडक हाताने चाचपला आणि विचारलं, "चौघी इथेच बसता?"

"आळीपाळीने," मी म्हटलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो काढला, स्क्रीनकडे पाहिलं, आवाज बंद केला आणि खिशात ठेवून दिला. लग्न झाल्यापासून मी हे पहिल्यांदाच पाहत होते. मग तो समोरच्या छपरांकडे बघत बसला आणि मीही काही सूचना केली नाही. थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाला, "इथे कुणी काही विचारत नाही, नाही का?" मी हो म्हटलं. त्या दिवसातलं माझं पहिलं खरं वाक्य ते.

उतरताना मी त्याला बजावलं, की वजन मागे ठेव आणि पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस. त्याने वजन पुढे ठेवलं आणि पुढचा ब्रेक एकदम दाबला. सायकल जागेवर उभी राहिली आणि तो तिच्या डोक्यावरून घाणेरीच्या झुडपात गेला. मी सायकल टाकून धावले. त्याला आपटवायचं मीच ठरवलं होतं, पण झुडपातून नुसते बूट बाहेर दिसायला लागल्यावर मी सरळ काट्यांत हात घातले. "अहो, लागलं का?" तोंडातून अहो निघालं. आतून आधी हसू ऐकू आलं, मग ओरखडलेले दोन हात बाहेर आले आणि मी त्याला ओढून काढलं. मला त्याचा राग आला, इतकं घाबरवल्याबद्दल.

घरी आलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. लेकाचे ओरखडे बघायच्या आधी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आल्या व्हत्या का समद्या?"

आज तिघीही नव्हत्या, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर नवरा आधी बोलला. "आल्या होत्या, आई. तिघी पण."

मी पोह्यांची कढई ठेवायला स्वयंपाकघरात जात होते, ती तिथेच थांबले.

"त्या ब्यांकवालीचा हात?"

"एकदम ठणठणीत. माझी सायकल तिनेच उचलून दिली झुडपातून. कॉलेजवाली फार बोलत नाही. मेजरीणबाई मात्र कडक आहेत, ब्रेक कसा दाबायचा त्यावरून सगळ्यांसमोर झापलं मला." हे सगळं त्याने बूट काढत, मान खाली घालून सांगितलं. "पण आई, चार बायकांत मी एकटा पुरुष. बरं नाही दिसत. हिचं हिला जाऊ दे, चांगली सोबत आहे तिला."

"त्ये बी खरंच हाय," सासूबाई म्हणाल्या.

मला त्या माणसाचा इतका लोभ वाटला, की सासूबाई समोर नसत्या तर मी काय केलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"मी गुरुवारी जात जाईन," तो पुढे म्हणाला. "आमच्या कंपनीतल्या पोरांचा एक ग्रुप आहे."

"कोण कोण आहे?" मी विचारलं.

"तू नाही ओळखत त्यांना. एक डिस्पॅचचा, एक मेंटेनन्सचा आणि एक क्वालिटीवाला." आता कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा अगदी सरळ होता.

तेव्हापासून तो दर गुरुवारी पहाटे जातो. मेंटेनन्सवाल्याचा गुडघा धरला होता, त्याच्यासाठी सासूबाईंनी तेल दिलं. नवरा डोंगरावरून येतो तेव्हा आंघोळीला जाताना गुणगुणत असतो, पूर्वी कधी गुणगुणायचा नाही. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मला रजा होती. तो सायकल लिफ्टमध्ये घालत होता आणि मला त्याच्याबरोबर जावंसं फार वाटत होतं. मी विचारलं नाही. दार लावून घेतलं आणि चहा टाकला. त्याच्या ग्रुपमध्ये जागा नाही, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार.