कळंबजवळचा जपून ठेवलेला रस्ता

बारामतीला आगगाडीतून उतरलो तेव्हा परतीचा पाऊस नुकताच उघडला होता. स्टेशनावर माझा मित्र सदाशिव न्यायला आला होता. तो रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर. इंदापूरच्या बाजूला, कळंबच्या अलीकडे, त्याने काळ्या मातीत विझवलेला चुना आणि मुरूम मिसळून, वर रूळ फिरवून रस्त्याचा एक तुकडा तयार केला होता. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तो पाहायला येणार होते. तुकडा टिकला असेल तर पुढचे काम मंजूर, नाहीतर सदाशिवची उचलबांगडी.

"तू बघच," तो म्हणाला. "लोण्यासारख्या मातीचा दगड केलाय!"

गाडीवान बाबूभाईंच्या बैलगाडीतून निघालो. गाडी सारखी रुते आणि आम्ही सारखे उतरून ढकलू. एकदा पाय वर आला, जोडा चिखलातच राहिला. बाबूभाईंनी काठीने चाचपून जोडा काढला खरा, पण तो माझा नव्हता.

"घाला की," ते शांतपणे म्हणाले. "ज्याचा हाय त्यानं तुमचा नेला आसंल."

मी घातला. जरा सैल होता.

वाटेत एका वस्तीवर मुक्काम झाला. पिठलं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असा बेत होता. सदाशिवला मात्र घास उतरेना.

सकाळी त्याच्या रस्त्यापाशी पोचलो. दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्यांचे कुंपण! बाहेरून गाड्या गुडघाभर चिखलातून चालल्या होत्या आणि आत, रस्त्याच्या मधोमध, तिवडा (मळणीचा खांब) रोवून त्याभोवती चार बैल बाजरी मळत होते. सदाशिव कुंपणाचे काटे ओढायला धावला.

गावातले वडीलधारे तात्या लगबगीने पुढे आले. "राव, झ्याक काम केलं तुमी! समदी खळी चिखलात गेली, ह्ये तेवढं कोरडं हाय."

"अहो, हा गाड्यांसाठी केलाय!"

"गाड्या घालून नासायचा व्हय असला रस्ता?"

तेवढ्यात लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला आणि वाजतच राहिला. साहेब चिखलात रुतले होते. शेवटी मळणी थांबवून तेच बैल मोटारीला जुंपले. टोपी सांभाळत साहेब कुंपणापर्यंत आले, तर तात्या आडवे उभे.

"हितनं फुडं गाडी न्हाय."

"हा सरकारी रस्ता आहे!"

"म्हनून तर जपलाय, सायेब."

साहेब उतरले. "किती गाड्या गेल्या यावरून?"

"एकही नाही," सदाशिव पुटपुटला.

"मग मी पारखू कसा?"

तात्यांनी दोन वाकड्या पहारी त्यांच्यापुढे टाकल्या. "तिवडा रवताना ह्या वाकल्या. चार बैलं रोज फिरत्यात, खुराचा वण दावा."

साहेबांनी वाकून पाहिले. वण नव्हता. मग एक पहार उचलून त्यांनी स्वतःच जोरात हाणली आणि हात झटकत, ओरडत मागे सरले. झिणझिण्या ओसरल्यावर ते हसू लागले. पुढचे काम त्यांनी तिथेच मंजूर केले. "पण हे खळे आजच हलवा!"

"सुगी सरली की हलवतो," तात्या म्हणाले. "आन् सायेब, माघारी जाताना बैलं लागतीलच न्हवं?"

साहेबांनी चिखलाकडे पाहिले आणि सुगी संपेपर्यंत मुदत दिली. सदाशिवने त्या दुपारी पाच भाकरी खाल्ल्या.

इंदापुरात नातलगांकडे राहून काही दिवसांनी बाबूभाईंच्याच गाडीतून परतलो तेव्हा मळणी उरकली होती. तिवड्याचा खड्डा गावकऱ्यांनी चुना-मुरूम ठासून बुजवला होता. पहिली गाडी जायचा मान आमचा होता, पण तात्यांनी आधी चाके धुवायला लावली. बाबूभाईंनी निमूटपणे धुतली.

मी विड्याचे पान जमवेपर्यंत तो तुकडा संपला आणि बैल पुन्हा चिखलात उतरले. मी मागे वळून पाहिले. आमच्याआधी त्या रस्त्यावरून कुणी कुठे गेले नव्हते, आणि तरी सगळ्या गावाची बाजरी घरी पोचली होती.