साठावी जागा

इन्स्पेक्टर काका कुठलाही फॉर्म आधी मुद्दाम चुकीचा भरत. वयाच्या जागी फोन नंबर, फोनच्या जागी पिनकोड, सवलत आणि देणगी दोन्हींवर टिक. मग चष्मा कपाळावर चढवून मला सांगत, "तुझा फॉर्म समदं घेतोय की. रिजेक्ट." चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी सुटे भाग तपासण्यात काढली होती. निवृत्तीनंतर तपासायला माझे फॉर्म उरले.

सांगवीत काका, मी आणि शेजारचे काही जण दिवाळीच्या सुट्टीत मुलांचं विज्ञान शिबिर घेतो. जागा साठ. नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म माझ्या गळ्यात पडला, कारण मी आयटीत. दिवसभर कंपनीत स्क्रीन, घरी येऊन पुन्हा स्क्रीन. मी तो कसाबसा उरकत असे. फीत सवलत मागणाऱ्याने कारण लिहायचं आणि उत्पन्नाचा दाखला जोडायचा, असं मी ठेवलं होतं. काकांना ते पटत नसे. "मालाला पास-नापास करत्यात, पोरी, माणसाला न्हाई," ते म्हणत. मी ऐकलं नाही. खोटी सवलत लाटणारे मी पाहिले होते आणि त्या शहाणपणाची मला घमेंडही होती.

देणगीदारांची नावं जाहीर करायची आपल्याकडे रीतच आहे, गावच्या जत्रेत काय नि सोसायटीच्या गणपतीत काय. एका वर्षी मीही घाईघाईत नोंदणीच्या यादीचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली आभार मानले. देणगीच्या शेजारचाच रकाना सवलतीचा होता, कारणांसकट. चाकणजवळच्या निघोज्याच्या एका मुलीच्या नावापुढे तिच्या आईने लिहिलं होतं, 'कंत्राट संपले, सध्या घरी.' मी फोटो काढून टाकला तोवर सगळ्यांनी पाहिला होता. त्यात मुलीच्या वर्गातल्या दोघींच्या आयाही होत्या.

दुसऱ्या दिवशी काका मला स्कूटरवर बसवून निघोज्याला घेऊन गेले. मुलीची आई मूळची लातूरकडची. तिने चहा दिला, आवाज चढवला नाही. "तुमी मुद्दाम थोडंच केलं मॅडम," ती म्हणाली. "पण लेकरू यायचं नाही म्हणतंय." मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. परतल्यावर काकांनी मला दारात सोडलं आणि स्कूटर वळवली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी फॉर्म त्यांनी शेजारी बसून करून घेतला. 'तुम्हाला किती जमेल?' एवढंच विचारायचं. शून्यही चालेल, कारण नको, दाखला नको. "सगळेच शून्य टाकतील," मी म्हटलं. "टाकू दे की." थोड्यांनी टाकलं, काहींनी नेहमीच्या फीच्या दुप्पट भरले, शिबिर पार पडलं. मग त्यांनी नोंदणीची मर्यादा एकोणसाठ करायला लावली. "येक त्या पोरीची." दर दिवाळीला ते तिच्या आईला फोन करत, "ताई, जागा हाय बरं का." ती "बघते" म्हणे. मुलगी कधी आली नाही. रिकाम्या खुर्चीवरून इतर पालक मात्र माझ्याशी भांडत आणि मला त्याचा वीट आला होता.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. यंदा फॉर्म एकटीने केला, आधी चुकीचा भरून पाहिला आणि निघोज्याला फोन लावला. "ताई, जागा आहे."

"पोरगी महाळुंग्याला कंपनीत लागली मॅडम. पहिली शिफ्ट असती," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "काकांनी नाही केला फोन?"

मी सांगितलं. "जागा दुसऱ्या लेकराला द्या आता," ती म्हणाली. "फोन मात्र करत जावा."

मी मर्यादा साठ केली. तासाभरात साठावं नाव आलं, रकमेच्या जागी शून्य होतं. ते दाखवायला शेजारी काका नव्हते, आणि तेव्हा मला रडू आलं.