काळी एकचा गायक

सातव्या टेकलाही मिलिंदचा आवाज त्याच शब्दावर फाटला. टेक म्हणजे एखादी ओळ एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग. काचेपलीकडे तो हेडफोन लावून उभा होता, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. काचेअलीकडे मी, आणि माझ्या शेजारी केदार. केदार हा बँडचा गिटारिस्ट आणि म्होरक्या. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले, दाढेत कळ आल्यासारखे.

मी टॉकबॅकचं बटण दाबलं. गायक बंद खोलीत असतो, त्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. हे बटण दाबलं की माझा आवाज त्याच्या हेडफोनमध्ये जातो. माझ्याकडचं बटण जुनं होतं. दाबलं की कधीकधी आत अडकायचं, मग नखानं बाहेर काढावं लागायचं. बदलू बदलू म्हणत दोन वर्षं गेली होती.

"मिलिंद, पाच मिनिटं बस. पाणी पी," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली आणि हेडफोन न काढताच गाण्याचा कागद वाचत खुर्चीवर बसला.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नाशिकरोडला माझा छोटा स्टुडिओ होता. भजनं, आरत्या, भीमगीतं आणि निवडणूक आली की रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, हे माझं काम. देवळालीला तोफांचा सराव असला की कधीकधी ऐन टेकमध्ये 'धप्प' व्हायचं, आणि भजनी मंडळाला तीच ओळ परत म्हणावी लागायची. असल्या स्टुडिओत प्रोग्रेसिव्ह मेटल नावाचा प्रकार येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मेटल म्हणजे गिटारचा आवाज करवतीसारखा खरखरीत करून वाजवलेलं जोरकस संगीत, एवढं मला माहीत होतं. प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय, ते केदारनं समजावलं. गाणं दहा-बारा मिनिटांचं, त्यात ताल पाच-सहा वेळा बदलणार, मध्येच सगळं शांत होणार आणि पुन्हा अंगावर येणार. कीर्तनात असं केलं तर मृदंगवाला उठून घरी जाईल. पण पोरं तयारीची होती. सातपूरच्या कंपन्यांत नोकऱ्या करून, सुटीच्या दिवशी दहा-दहा तास वाजवायची. त्यांच्या बँडचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी रजिस्टरला 'केदार बँड' लिहायचो. लग्नात वाजवणारे वाटतात म्हणून केदार चिडायचा.

त्यांचा पहिला अल्बम पुण्यात झाला होता. तेव्हा निखिल नावाचा मुलगा गायचा. त्याचा आवाज उंच आणि धारदार, शिट्टीसारखा वर जाणारा. अल्बम कॉलेजच्या पोरांत गाजला, आणि निखिल नोकरीसाठी परदेशी गेला. दुसऱ्या अल्बमची आठ गाणी तोवर तयार होती. ड्रम, बास गिटार आणि गिटार माझ्याकडे रेकॉर्डसुद्धा झाले होते. गायक तेवढा नव्हता.

मिलिंद त्यांना सापडला एका जयंतीच्या कार्यक्रमात. त्याच्या वडिलांची भीमगीतांची गायन पार्टी होती, आणि लहानपणापासून तो मागे कोरस धरायचा. दिवसा एका पतसंस्थेत क्लार्क. इंग्रजी गाणी तो कॅसेटवर ऐकून शिकलेला. आवाज भरदार, खालून उमटणारा. बँडमध्ये घेतलं म्हणून त्यानं पतसंस्थेत दहा दिवसांची रजा टाकली होती, आणि त्यातले चार संपले होते. चार दिवसांत एक गाणं पुरं झालं नव्हतं.

"सर, स्पष्ट सांगा," केदार म्हणाला. "याच्याच्यानं होईल का?"

"तुला काय वाटतं?"

"पुण्याचा एक जण तयार आहे. निखिलसारखाच गातो. शनिवारी येतो म्हणाला. मिलिंदला सांगायला मला जड जातंय, पण अल्बम पडून राहिला तर बँड मोडेल. सगळे कंटाळलेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाचं मत त्याला हवं होतं. मी ते दिलं. जरा ऐटीतच दिलं, हे आज कबूल करतो.

"आवाज कमी पडतोय," मी म्हणालो. "वर पोहोचतच नाही. मेहनती आहे, पण हे गाणं त्याच्या आवाक्यातलं नाही. बोलाव पुण्याच्याला."

केदारनं सुस्कारा टाकला. मिलिंदला संध्याकाळी सांगू, असं ठरलं. पण संध्याकाळी केदारचा धीर झाला नाही. मिलिंद खोलीतून बाहेर आला, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाला, "सर, उद्या किती वाजता?"

केदार माझ्याकडे बघायला लागला. "अकराला," मी म्हणालो. निर्णय उद्यावर ढकलणं हे आपल्याकडे सौजन्यात मोडतं.

दुसऱ्या दिवशी मिलिंद अकराला दहा कमी असताना हजर. पुन्हा तेच. तोच शब्द, तिथंच फाटणं. मी नुसती बटणं दाबत होतो. दुपारी तीनपासून सायखेड्याच्या भजनी मंडळाची वेळ होती, तोवर कसंबसं रेटायचं, एवढाच माझा विचार.

मंडळ दोनलाच आलं. आठ माणसं, टाळ, पखवाज आणि पेटी. पेटीवर निवृत्तीअण्णा. अण्णा सायखेड्याचे शेतकरी, कोबी-फ्लॉवर लावायचे आणि उरलेल्या वेळात पेटी वाजवायची, का उलटं, ते त्यांच्या घरच्यांनाही कळलेलं नव्हतं. बाकीचे बाहेर पायरीवर टेकले. अण्णा मात्र कापडात बांधलेली पेटी मांडीवर घेऊन माझ्यामागे बाकावर बसले. त्यांना मशिनं बघायला आवडायची.

स्पीकरवर गाणं सुरू झालं. अण्णांनी आधी कान झाकले. मग एक हात काढला. मग मांडीवर बोटं मोजायला लागले.

"सात मात्रा हायेत. रूपकासारखं चाललंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "आता निसटलं." आणि पुन्हा, "आलं, आलं."

मिलिंद त्या शब्दाला पोहोचला आणि आवाज फाटला. केदारनं कपाळाला हात लावला.

"दिलीप," अण्णा मला म्हणाले, "त्या पोराला एवढं वर कशापायी चढवलंय?"

"गाणंच तसं आहे अण्णा. त्याचा आवाज कमी पडतो."

"आवाज कमी? मघाशी भाईर नळावर हात धुताना गुणगुणत व्हता. लय दांडगा आवाज हाय. म्या उभा ऱ्हाऊन ऐकला." त्यांनी पेटीचं कापड सोडलं, भाता हलवून एक सूर धरला. "नळावर त्याचा सा हितं व्हता. काळी एक. आन् तुमची ही गिटार वाजतीया पांढरी तीनवर. तीन पट्ट्या वर. मंग फाटंल नाय तर काय व्हईल?"

वाचकांसाठी सांगतो. पट्टी म्हणजे गायकाचा 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती जागा. काळी एक म्हणजे सप्तकातली पहिली काळी, पांढरी तीन म्हणजे तिसरी पांढरी. प्रत्येक गळ्याची आपली पट्टी असते, चपलेच्या मापासारखी. गायक उंबऱ्यात आला की पेटीवाला नाव विचारायच्या आधी पट्टी विचारतो. त्याप्रमाणे पेटी, तबला, सगळे आपापली वाद्यं जुळवून घेतात. वीस वर्षं माझ्या स्टुडिओत हा प्रश्न विचारल्याशिवाय एकही भजन रेकॉर्ड झालं नव्हतं. आणि या पोराला चार दिवसांत तो कोणीच विचारला नव्हता. केदारनं नाही, कारण गिटारची सगळ्यात खालची तार पांढरी तीनच्या सुरात लावलेली असते, त्यावर गाणी रचली जातात, आणि ती निखिलच्या गळ्याला आपोआप बसत होती. मी नाही, कारण मेटलला असलं काही लागत नसेल असं मी धरून चाललो होतो. माझे कान तापले.

मी मिलिंदला बाहेर बोलावलं.

"तुझी पट्टी कोणती रे?"

"काळी एक," तो तत्काळ म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

तो चाचरला. "गाणी आधीच तयार होती ना सर. मी नवीन. आणि कोणी विचारलं पण नाही."

केदार खुर्चीवरून उठला होता. "सर, म्हणजे गिटार तीन पट्ट्या खाली लावायची? तार ढिली पडेल. आणि आठही गाण्यांची गिटार पुन्हा वाजवायची? बाससुद्धा?"

"ड्रमला सूर नसतो, ते आहेत तसे राहतील," मी म्हणालो. "बाकी सगळं पुन्हा."

"आणि इतकं करून नाही जमलं तर?"

"आधी एकच गाणं करून बघू. आत्ता."

पण घड्याळात तीन वाजले होते, आणि वेळ भजनी मंडळाची होती. मी अण्णांकडे पाहिलं.

"बघा की," अण्णा म्हणाले. "आमचं भजन काय पळून चाललंय? लई तर शेवटली बस जाईल. गावच्या भुजबळांचा टेम्पो हाय मार्केटात, त्येच्यात बसून जाऊ." आणि पायरीवरच्या सात जणांना त्यांनी ओरडून सांगितलं, "चहा सांगा रे, टाइम हाय!"

केदारनं दुसरी गिटार काढली आणि खुंट्या पिळून तारा खाली आणल्या. तारा दोरीवरच्या ओल्या धोतरासारख्या लोंबायला लागल्या. खर्रर्र आवाज. केदारचं तोंड उतरलं. अण्णांनी पेटीवर काळी एक धरून ठेवली, त्यावर तो एकेक तार जुळवत गेला. करवती गिटार आणि सायखेड्याची पेटी एका सुरात लागताना मी त्या दिवशी पाहिली. मी जुनी गिटार आणि बास बंद केले, फक्त ड्रम ठेवले. केदार माझ्या शेजारी बसून वाजवणार, मिलिंद आत गाणार.

पहिल्या ओळीला मिलिंद जपून गायला. सवय झाली होती बिचाऱ्याला. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज रुंद झाला. मग तो शब्द आला. चार दिवस ज्याच्यावर तो आपटत होता, त्यावर तो नुसता पोहोचला नाही, तिथं थांबला, सूर लांबवला आणि सावकाश खाली सोडला. काच थरथरली. केदारचे हात थबकले, गिटार वाजवायची तो विसरूनच गेला. मिलिंद एकटा ड्रमवर गात राहिला.

मी मशीनकडे बघत बसलो.

"आता बसलं," अण्णा म्हणाले. मग जरा विचार करून, "पर एवढं वरडतंय का पोरगं?"

केदारनं मला काही विचारलं नाही. त्यानं मोबाइल काढला आणि पुण्याला फोन लावला. "शनिवारचं रद्द कर," एवढंच बोलला. मग मुंबईच्या मित्राला फोन करून जाड तारा मागवल्या. जाड तार खालच्या सुरातही ताठ राहते.

पुढचे पाच दिवस सगळ्यांनी झटून काम केलं. बँडच्या कीबोर्डवाल्याचं नशीब थोर, त्याला सूर बदलायला फक्त एक बटण दाबायचं होतं, आणि त्यावरून केदारनं त्याला रोज छळलं. मिलिंदनं आठही गाणी रजेतच पूर्ण केली. एका गाण्याच्या शांत जागी देवळालीची तोफ 'धप्प' झाली. मी काढायला निघालो, तर केदार म्हणाला, राहू द्या. ती आजही त्यात आहे.

अल्बम निघाला. खालच्या सुरामुळे गिटार आणखी वजनदार झाली होती, आणि ती पोरांना भलतीच आवडली. एका इंग्रजी मासिकानं तर लिहिलं की बँडनं विचारपूर्वक धाडसी वळण घेतलं आहे. आमचं वळण नळावर हात धुताना सापडलं, हे मी कोणाला सांगायला गेलो नाही. सीडीच्या आतल्या आभारांत परदेशी गिटारवाल्यांच्या यादीत 'निवृत्तीअण्णा, सायखेडा' असं छापलेलं आहे. अण्णांकडे सीडी वाजवायचं यंत्र नव्हतं. ते ती पेटीच्या खोक्यात ठेवायचे.

मिलिंद सीडी द्यायला पेढे घेऊन आला, तेव्हा मी एका आरतीचं रेकॉर्डिंग करत होतो. मी टॉकबॅक दाबून आतल्या बाईंना सूचना दिली, मग मिलिंदकडे वळून सीडी बघायला लागलो. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"सर, बटण आत राहिलंय," तो हळूच म्हणाला. मी नखानं ओढून काढलं. तो हसला. "ते बदलून घ्या. त्या दिवशी पण चालूच राहिलं होतं."

"कोणत्या दिवशी?"

"पुण्याच्याला बोलवायचं ठरलं, त्या दिवशी."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. त्यानं सगळं ऐकलं होतं. आवाज कमी पडतो, आवाक्यातलं नाही, बोलाव पुण्याच्याला. एकेक शब्द, हेडफोनमधून, थेट कानात. आणि तरी बाहेर येऊन त्यानं विचारलं होतं, उद्या किती वाजता.

"मग दुसऱ्या दिवशी आलास कसा रे?"

"बाबा म्हणतात, लोकांनी स्टेजवरून उतरवलं तर उतरायचं. आपण होऊन नाही उतरायचं." "आणि रजा पण टाकली होती ना सर."

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, अहो सर, पेढा खा. तो दुसऱ्या दिवशी आला नसता तर अण्णांना नळावर कोणी भेटलं नसतं, आणि मी आयुष्यभर सांगत राहिलो असतो की एक मुलगा होता, आवाज कमी पडायचा. माझ्या हातून होणारी ती चूक त्या दोघांनी टाळली. अण्णा आता नाहीत. मिलिंद आहे, त्याला हे वाचायला देणार आहे.

बटण मी दुसऱ्याच दिवशी बदललं. नवं बटण कधीच अडकलं नाही. तरी तेव्हापासून काचेपलीकडच्या माणसाबद्दल मी तो ऐकतोय असं धरूनच बोलतो, आणि त्याच्याही आधी त्याची पट्टी विचारतो.