विस्तव मागायला आलेला पुरुष

आमच्या गावच्या मिठागराच्या मुकादमाचा खून झाला आणि तो कोणी केला हे आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. मुकादम मेल्याचं मला वाईट वाटलं नाही. मिठागरात पाणी घ्यायला तो बांधाच्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी वर करायचा आणि भरतीचं खारं पाणी आमच्या भातशेतांत शिरायचं. त्यावरून माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने भर बाजारात त्याला, याच चिखलात गाडीन, असं म्हटलं होतं. पुढे थंडीच्या दिवसांत मुकादम त्याच चिखलात सापडला.

अलिबागेहून फौजदार आला, चावडीत बसला. पहिला कोंबडा आरवला तेव्हा मुकादम जिवंत होता आणि उजाडताना मेलेला, हे मिठागरावरच्या माणसांनी सांगितलं. मधल्या वेळात मैत्रिणीचा नवरा ओल्या अंगाने आमच्या मागीलदारी उभा होता, तो कुणीतरी पाहिला होता. तो म्हणाला, विस्तव मागायला गेलो होतो. फौजदार हसला. बायको घरात असताना पुरुष विस्तव मागायला कशाला जाईल? बायको म्हणाली, मला बरं नव्हतं. काय होत होतं, असं विचारल्यावर तिने पुन्हा तेवढंच सांगितलं. त्याला बेड्या घालून अलिबागेला नेलं.

खरं काय ते गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तिला कावळा शिवला होता. ती पडवीत बाजूला बसलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. म्हणून नवरा पहाटे आंघोळ करून पोरांसाठी भाकऱ्या करायला बसला. त्याला चूल राखता आली नाही, ती विझली, आणि करवंटी घेऊन तो माझ्या दारात आला. असे पुरुष गावात बरेच होते, पण कबूल कोण करतो?

ती आणि मी एकाच गावच्या लेकी, एकाच वर्षी इथे सून म्हणून आलो. दोघींच्या घरांमध्ये फक्त कुडाची भिंत. त्या भिंतीपलीकडून ती मला म्हणाली, "तो फाशी गेला तरी ते बोलायचं न्हाय गो. तुला माझी शपथ हाय."

मी शपथ घेतली नाही. फौजदाराच्या धाकाने बाकीच्या बायकांनी तिला विस्तव देणं बंद केलं, मलाही देऊ नकोस म्हणाल्या. मी देत राहिले. माझा नवरा म्हणाला, गप्प बस, नाहीतर आपल्यावर येईल. त्याचं म्हणणं पुढे खरं झालं, पण मी गप्प बसले नाही.

चावडीत बोलावणं आलं तेव्हा मी फौजदाराला सरळ सांगितलं, "तिला कावळा शिवला होता, सायेब. भाकऱ्या तो करत होता. करपल्याचा वास आला म्हणून, जाळ कमी कर, असं मीच कुडापलीकडून ओरडले. विस्तव न्यायला आला तेवढं सोडून पहिल्या कोंबड्यापासून उजाडेपर्यंत तो चुलीपुढं होता. तुमच्या घरी बाई बाजूला बसली की चूल कोण पेटवतं?"

कारकुनाची लेखणी थांबली. पोलीसपाटील आढ्याकडे बघू लागला. फौजदाराने म्हाताऱ्या बायकांना एकेक करून विचारलं, तेव्हा त्यांनी, खरं आहे, म्हणून माना हलवल्या.

तो सुटून आला. गावातली पोरं त्याला विचारायची, आज भाकरी फुगली का? मैत्रीण माझ्या दाराशी एकदाच आली. "दहा पुरुषांत माझी लाज काढलीस."

"नवरा सुटला ना?"

"सुटला. ते मी इसरणार न्हाय. आणि हेबी इसरणार न्हाय."

मग तिने काड्याची पेटी आणली आणि विस्तवाला येणं बंद केलं.

फौजदाराला कोणीतरी हवंच होतं. ही बाई एवढी धीट बोलते त्या अर्थी काहीतरी लपवते, असं त्याने धरलं. शेत आमचंही खारवलं होतं. माझ्या नवऱ्याला चावडीपुढे दिवसभर उन्हात बसवलं. तो झोपला होता असं मी सांगितलं, पण बायकोच्या सांगण्याला कोण विचारतो? आता याला अलिबागेला नेणार, असं बोलणं सुरू झालं. मी मैत्रिणीकडे गेले नाही. तिचा नवरा मी सोडवला होता, जायला तोंड होतं, पण ती चावडीत येणार नाही असं वाटलं.

ती आपणहून चावडीत आली. डोक्यावरून पदर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "त्या दिशी मी बाजूला बसली होती. पडवीत थंडीनं झोप येत न्हाय. कुडाच्या पलीकडं हिचा नवरा उजाडेपर्यंत घोरत होता. त्याच्यापायी माझा डोळा लागला न्हाय."

नवऱ्याला सोडलं. फौजदार पुन्हा दोनचारदा आला, मग यायचा थांबला.

घरी जाताना मी तिच्या मागून चालत होते. बरं बोललीस, असं मी म्हटलं.

"तुझ्यासाठी न्हाय," ती मागे न बघता म्हणाली. "तो खरंच घोरत होता."

काड्याची पेटी तिने सोडली नाही आणि पहिल्यासारखं बोलणंही झालं नाही. पण मी बाजूला बसले की पहाटे आमच्या पडवीच्या कट्ट्यावर भाकऱ्यांची टोपली यायची. माझ्या नवऱ्याला विस्तव मागायला दाराबाहेर पडावं लागू नये, याची तिने काळजी घेतली.