क्लोज्ड लिहिलेली लायब्ररी

पद्मा नेमकं काय काम करते हे सांगायची वेळ आली की पंचाईत होते. तिची आई लक्कव्वा जुन्या हुबळीत शेजारणींना सांगते, "पोरगी कंप्युटरवर बसून पेटीचं डोकं भरते." मी रोज तिच्या शेजारच्या टेबलावर टेस्टिंग करतो, तरी याहून चांगलं मलाही सांगता येत नाही.

गोकुळ रोडवरच्या आमच्या कंपनीत मिरचीच्या शीतगृहांसाठी कंट्रोलर बनतात. खोली तापली की पेटी कॉम्प्रेसर चालू करते आणि मालकाच्या फोनवर कळवते. पेटीच्या आत छोटंसं लिनक्स असतं. ते पेटीतच तयार करायचं म्हटलं तर तिचा तेवढा जीव नसतो, म्हणून पद्मा ते मोठ्या संगणकावर, पण पेटीतल्या चिपला कळेल असं बांधते. यालाच क्रॉस-कंपाइल म्हणतात. त्यात शेकड्यांनी लहानमोठे प्रोग्रॅम असतात आणि प्रत्येकाची एक रेसिपी असते. सामान कुठून आणायचं, कसं बांधायचं, लायसन्स कोणतं, हे सगळं त्या रेसिपीत लिहायचं. लायसन्सची ओळ चुकली की लाल अक्षरं येतात आणि बिल्ड, म्हणजे ही सगळी बांधणी, थांबतं.

त्यावर आमच्याकडे एक उपाय सगळ्यांनाच ठाऊक होता. त्या ओळीत 'क्लोज्ड' लिहून टाकायचं. म्हणजे हे आमचं घरचं, कुणी विचारू नये. बिल्ड मुकाट पुढे जायचं. घाईत कोण विचार करतो? मीही लिहिलंय, पद्मानंही लिहिलंय. आम्हाला ते शिकवलं होतं शेषगिरी सरांनी.

शेषगिरी सर कंपनीत पहिल्यापासून आहेत. सेन्सरकडून तापमान वाचणारी लायब्ररी, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमना जोडायचा तयार कोड, त्यांची. कंपनीत तिला 'सरांची लायब्ररी' असंच म्हणतात. पद्मा मुलाखतीला आली तेव्हा बाकीच्यांनी घर कुठे, अप्पा काय करतात, तुम्ही कुठल्या लोकांतले, असं फिरून फिरून विचारलं होतं. सरांनी फक्त प्रोग्रॅमिंगमधल्या पॉइंटरवर प्रश्न विचारले आणि म्हणाले, "सोमवारी ये." पुढे तिच्या भावाच्या, नागसेनच्या लग्नात बुद्धवंदनेला ते पहिल्या रांगेत बसले आणि पंगतीत सगळ्यांबरोबर जेवले. लक्कव्वा ती गोष्ट अजून सांगते.

यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. जुनी चिप मिळेनाशी झाली, म्हणून नवी घेतली. आणि डेन्मार्कचं एक गिऱ्हाईक मिळालं. त्यांची अट अशी की पेटीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमचं लायसन्स लिहून द्या, खाली बांधणाऱ्याची सही. म्हणजे पद्माची.

सरांची लायब्ररी मात्र आमच्याकडे तयार फाइल म्हणूनच होती, जुन्या चिपसाठी बांधलेली. नव्या चिपला ती जोडलीच जाईना. पद्मानं सरांकडे मूळ कोड मागितला.

"देतो गं. जुन्या हार्ड डिस्कवर असेल."

परत मागितला, तर "शोधतोय." तिसऱ्यांदा मागितला तेव्हा ते चिडले. "एकच काम आहे का मला?"

पद्मानं वेगळी वाट धरली. लायब्ररीत चुका झाल्यावर दाखवायची वाक्यं असतात. त्यातलं एक जरा विचित्र वाक्य तिनं इंटरनेटवर शोधलं, आणि तीच वाक्यं, त्याच क्रमानं, एका परक्या माणसाच्या खुल्या प्रकल्पात सापडली. लायसन्स जीपीएल. वापरा, बदला, विका. पण ज्याला प्रोग्रॅम द्याल त्यानं मागितला तर कोडही द्या. आणि आमचा सगळा कंट्रोल प्रोग्रॅम त्या लायब्ररीला घट्ट जोडलेला होता. म्हणजे तोही द्यावा लागणार.

दुपारी गाड्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट खाताना तिनं सरांना विचारलं. मी सोबत होतो. सरांचा हात द्रोणावरच थांबला.

"तेव्हा आम्ही चौघं होतो. डेमो आठवड्यावर आला होता. नंतर स्वतः लिहीन म्हटलं होतं." मग हळूच म्हणाले, "तेवढी एक ओळ क्लोज्ड राहू दे, पद्मा. बाकी सगळं खरं लिही. कोण बघतंय? बिडम्मा, सोड गं."

"मी सही करणार आहे, सर."

"सही तुझी. नाव माझं जाईल."

घरी तिनं सांगितलं तर आईनं भाकरी थापायची थांबवली. "त्या माणसाच्या पोटावर पाय देणार तू?"

"मग खोटं लिहू, अव्वा?"

"मला विचारू नको. मी तुझ्याएवढी शिकले नाही," असं म्हणून लक्कव्वानं तवा जोरात आपटला.

चार दिवस गेले. नवा बिल्ड तसाच अडकून पडला होता. शेवटी ती सरांच्या टेबलाजवळ गेली. "मी गुरुराज सरांना सांगणार आहे. तुम्ही बरोबर आलात तर बरं." सरांनी चष्मा काढला, पुसला आणि तिच्यामागून चालू लागले.

गुरुराज आमचे मालक. ते आधी तिच्यावरच उखडले. "कुणी सांगितलं होतं उकरायला? आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या पुण्याच्या लोकांना आमचा प्रोग्रॅम फुकट वाटू?"

"नाहीतर ती लायब्ररी काढून नवी लिहावी लागेल," पद्मा म्हणाली. "आणि विकलेल्या पेट्यांतही तीच लायब्ररी आहे, त्यांचंही बघावं लागेल."

"ते नंतर!"

सर म्हणाले, "मी लिहितो. आता तरी लिहितो."

बेंगळुरूच्या वकिलानं मात्र फोनवरच नाही म्हणून सांगितलं. ज्यांनी तो कोड पाहिलाय त्यांनी नव्याला हात लावायचा नाही, लिहिणाऱ्याला काही सांगायचंही नाही. नाहीतर तीच उसनवारी पुन्हा. गुरुराजांनी विचारलं, "कुणी कुणी पाहिलाय?" सरांनी हात वर केला. क्षणभरानं पद्मानंही केला.

आता लायब्ररी अश्विनी लिहिते. ती नवी लागलेली आहे. तिला काचेपलीकडची खोली दिलीय, सेन्सर कंपनीचं माहितीपत्रक दिलंय, बस्स; का, तेही तिला सांगितलेलं नाही. डेन्मार्कची तारीख पुढे ढकलली; ते थांबतील की नाही, ठाऊक नाही. विकलेल्या पेट्यांचा विषय पद्मा दर सोमवारी काढते आणि गुरुराज दर सोमवारी फोन कानाला लावून तो टाळतात. सरांना स्टोअरचं काम दिलंय.

काल अश्विनी बाहेर आली. "सर, सेन्सर झोपेतून उठला की पहिलं रीडिंग चुकीचंच येतं. तीन दिवस झाले. तुम्हाला कधी आलं होतं असं?"

सरांना उत्तर माहीत होतं. त्यांच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. पद्मालाही माहीत होतं; तिनं मान खाली घातली. मला माहीत नव्हतं, म्हणून मी तेवढा सुटलो.

"माहितीपत्रक वाच, अम्मा," सर म्हणाले.

"वाचलं हो! दोनदा वाचलं. सांगितलं तर काय झिजणार आहे तुमचं?" अश्विनीनं दार धाडकन लावलं.

सर उठले आणि स्टोअरकडे निघाले. पद्मा म्हणाली, "सर, चहा?"

"नको," ते म्हणाले. मग दारात थांबून काचेकडे बघत राहिले. "सापडेल तिला. मला नसतं सापडलं."